काऊनचं भाषांतर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, तेही अडखळतच — कारण लोक मला सज्जन समजतात आणि तो समज मी कधी मोडला नाही.

आमचा सीमेवरचा जिल्हा तेव्हा आंध्रात होता, पण आमच्या भागात घरोघरी मराठी. बोथ गावी मी इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना गणित शिकवायचो. हैदराबादहून एक प्राध्यापक व्याख्यानाला आले — कम्प्युटरला गणितातला विचार करता येईल का? ते तेलुगूत बोलणार, मी मराठीत सांगणार. मीच जाहीर केलं, लाजू नका, प्रश्न मराठीत विचारा, मी सरांना सांगेन. केवढं माझं मोठं मन.

आधी एका शब्दाचं सांगायला हवं. शिकायला हैदराबादला होतो तेव्हा मी 'का'ऐवजी घरच्यासारखं 'काऊन' म्हणायचो. हॉस्टेलातली पुण्याकडची पोरं मला त्याच नावानं हाक मारायची. तो शब्द मी जिभेवरून खरवडून काढला. त्याच्याबरोबर आणखी काय काय गेलं, कोण जाणे?

व्याख्यान संपलं आणि वैशाली उठली. दहावीतली, आमच्याच वस्तीतली, आमच्याच विहारात येणारी. इंटरला गणित घे म्हणून मीच तिच्या मागे लागलो होतो.

"सर, कम्प्युटर उत्तर काढते. पन हेच उत्तर काऊन, असं त्याच्या मनात येते का?"

कुणी हसलं नाही. तो शब्द तिथं बहुतेकांच्या घरचाच. कान तापले ते माझे. काय विचारतेय, प्राध्यापकांनी मला तेलुगूत विचारलं. मला प्रश्न कळला नव्हता का? अख्ख्या दिवसातला तोच एक खरा प्रश्न होता. मी तेलुगूत म्हणालो — कम्प्युटरची किंमत विचारतेय.

मग तेलुगू कळणारे सगळे हसले. प्राध्यापकांनी मायेनं किंमत सांगितली. वैशाली माझ्याकडे बघत राहिली, मग खाली बसली. तेलुगू तिला माझ्याइतकंच येत होतं. मला हे ठाऊक नव्हतं? होतं.

काही दिवसांनी तिचे वडील घरी आले. जयभीम करून बसले. "गुरुजी, पोरगी गनित नाई घेत म्हनून राह्यली. काऊन असन?"

मुलींना जड जातं, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, चहा पिऊन गेले.

पुढं त्या विषयावर मीच गावोगाव भाषणं देऊ लागलो. शेवटी जरा थांबून विचारायचो — उत्तर काढणाऱ्या यंत्राला कधी 'का' असा प्रश्न पडेल? टाळ्या पडायच्या. प्रश्न कुणाचा, हे एकदाही सांगितलं नाही. चोरलेला माल धुऊन घेतला होता, एवढंच.

बासरच्या भाषणाला ती शेवटच्या रांगेत दिसली. आता ती मास्तरीण होती, शाळेतल्या मुलांना घेऊन आलेली. तिनं ते शेवटचं वाक्यही ऐकलं. टाळ्या थांबल्यावर मी जवळ गेलो, मराठीत विचारलं, कशी आहेस वैशाली?

"बागुन्नानु, सार," ती म्हणाली. बरी आहे. परक्या माणसाला सांगावं तसं, तेलुगूत.

मग ती मुलांना घेऊन निघाली.