दोनदा लिहिलेली सूचना

ती ओळ मी काढली होती. इतकी वर्षं हे लिहायचं टाळत आलो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी भिलाईत एका छोट्या ओतकाम कारखान्याच्या ऑफिसात संगणक सांभाळायचो. संगणकातली माहिती टेपवर उतरवणारं बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकटचं, सगळ्यांसाठी खुलं होतं. त्याची इंग्रजी माहितीपुस्तिका ठिकठिकाणचे लोक मिळून सुधारायचे. मीही ईमेलने बारीक चुका कळवायचो. आभाराचं उत्तर आलं की दिवसभर छाती फुगलेली. एका पानावर 'टेपवरचं लेबल वाचा' ही सूचना दोनदा होती: टेप लावण्याआधी, आणि टेपवर माहिती लिहायला सुरुवात करण्याआधी पुन्हा. दुसरी मला नुसतीच पुनरुक्ती वाटली. स्वतः त्या पानाप्रमाणे एकदाही टेप लावून न पाहता मी ती काढायला सुचवली. पुस्तिकावाल्यांनी मानलं. नवं पान छापून मी मशीनवर चिकटवलं.

पुढच्या महिन्यात माझ्या रजेच्या दिवशी स्टोअरच्या काकांनी बॅकअप घेतला. अकोल्याकडचे, तरुणपणी भट्टीवर काम केलेले, निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. त्यांनी लेबल वाचलं, तेवढ्यात फोन वाजला. परत येऊन त्यांनी शेजारची टेप लावली. तिच्यावर नवा बॅकअप लिहिला गेला आणि साच्यांची सगळी जुनी ड्रॉइंग पुसली गेली.

साहेबांनी काकांकडे लेखी खुलासा मागितला. सोमवारपर्यंत दिला नाही तर घरी बसा, म्हणाले.

"काय बे, तोंड तुहं काऊन उतरलं? नोकरी तं माही चालली!" काका चहा पिताना हसले. मग मशीनवरच्या त्या कागदाकडे पाहत म्हणाले, "आमच्या भट्टीवर हुकूम दोनदा बोलत. सांगणारा एकदा, ऐकणारा एकदा. तुमच्या कॉम्प्युटरले एकदाच पुरते वाटते."

सगळे जेवायला गेल्यावर मी तो कागद फाडून खिशात घातला. त्यानंतर साहेबांची घंटा वाजली की मी खिसा चाचपायचो. जुना ईमेल कोणी उघडला तर? माझीही नोकरी गेली तर? दोन दिवस काका माझ्यासमोर खुलासा लिहीत होते आणि खोडत होते. मी त्यांना शुद्धलेखन सांगत होतो.

रविवारी सकाळी सायकलने भिलाईजवळच्या मरोद्याला काकांच्या घरी गेलो. खाटेवर बसवत नव्हतं. उभ्यानेच बोललो.

"काका, पुस्तिकेत ती सूचना दोनदा होती. दुसरी मी काढायला लावली. कागदही मीच फाडला. उद्या साहेबांना सांगतो, पुस्तिकावाल्यांनाही लिहितो. तुमच्या जागी खुलासा मीच देतो. मला माफ करा."