वितळू न देणारे हिम्मतराव

हिम्मतराव काचीगुड्याच्या एका शीतगृहात सुपरवायझर होते. वीज गेली की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. बरकतपुऱ्यातल्या घरी जेवताना दिवे गेले, तर ताटावरून उठून आधी शीतगृहाकडे पळत. "एकदा वितळलं की पुन्हा गोठवून उपयोग नाही, माल गेलाच," हे त्यांचं वेदवाक्य. मटार असो की मासळी.

आणि नेमकं अशा माणसाच्या नशिबी हे आलं. बायकोच्या, पद्मावतीबाईंच्या, यकृतात गाठ निघाली आणि तीही अशा जागी की कापून काढता येईना. बाहेरच्या मालाला देशाची दारं नुकतीच उघडली होती. हिमायतनगरच्या दुकानांत परदेशी चॉकलेटं आली, तसं शहरातल्या एका नव्या दवाखान्यात गाठ जागच्या जागी गोठवायचं यंत्रही आलं. पोट उघडायचं, गाठीत सळई खुपसायची आणि तिचा बर्फ करायचा. खात्री नाही, पण गाठ वाढतेय, लवकर ठरवा, असं डॉक्टर म्हणाले.

"मग त्या बर्फाचं काय?" हिम्मतरावांनी विचारलं.

"वितळू द्यायचा. मग पुन्हा गोठवायचं."

हिम्मतराव होकार न देताच उठून आले.

बायकोला त्यांनी 'पोटाला सूज आहे' एवढंच सांगितलं. आपल्याकडे आजार ज्याचा, त्याला तो सगळ्यात शेवटी कळतो. मग सुरू झाल्या येरझारा. पेपर उलटा धरायचे, चहा गार करायचे. उशीर होतोय हे कळत होतं, तरी पाऊल उचलत नव्हतं. खरं सांगायचं तर ते घाबरले होते.

एका दुपारी मटार सोलता सोलता पद्मावतीबाई म्हणाल्या, "अहो, किती परेशान व्हायलात? गाठच हाय नव्हं पोटात?"

"तुला कोण बोललं?"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं ताट उचललं तुम्ही. तवाच समजलं."

मग हिम्मतरावांना राहवेना. "अगं, गोठवणार, वितळवणार, पुन्हा गोठवणार म्हणतात! असं केलं की पूरा भुसा होतो मालाचा. काही शिल्लक राहत नाही!"

पद्मावतीबाईंचा हात थांबला. "मग? ती गाठ काय टिकवून ठिवायची हाय का तुम्हाला?"

"टिकवून?" हिम्मतराव पुटपुटले. तेवढ्यात पंखा थांबला. वीज गेली होती. सवयीने त्यांनी चपला घातल्या, पळत कोपऱ्यावर आले आणि पहिल्याच रिक्षात बसले.

"शीतगृह ना, साब?" ओळखीच्या रिक्षावाल्याने विचारलं.

"नक्को," हिम्मतराव म्हणाले. "दवाखान्याला चल."