तुळईवरचा नंबर

वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा काल्हेरच्या खाडीत रेती वाहणाऱ्या आमच्या दोन बार्ज होत्या. साल दोन हजार दोन. एक आईच्या नावाची, अकरा वर्षांची, तळाचा दहा मिलिमीटरचा पत्रा झिजून सहावर आलेला. दुसरी गावदेवीच्या नावाची, चार वर्षांची. कारागीर एकच, त्यामुळे लांबी-रुंदी सारखीच.

त्या पावसाळ्यात दोन्ही रंगवायला किनाऱ्यावर ओढल्या होत्या. नारळी पौर्णिमेला मी पूजेचं ताट घेऊन गेलो, तर आईचं नाव नव्या बार्जवर आणि गावदेवीचं जुनीवर.

"दादूस, नावं उलटी झालीत," मी थोरल्या भावाला म्हणालो.

"उलटी न्हाय, सुलटी झाली. आईचं नाव गंजक्या पत्र्यावर बरं दिसतं का?"

आठवड्याने पंच बसले. थोरला म्हणाला, "माजी काय मागणी न्हाय. आईच्या नावाची बार्ज तेवढी मला द्या." एका म्हाताऱ्या पंचाचे डोळे भरून आले. मी तोंड उघडलं, तर आतून वहिनी म्हणाली, "भावोजींना आईच्या नावातबी वाटा पायजे वाटतं." सगळे हसले. आईचं नाव रंगवलेली त्याला, दुसरी मला, असं ठरलं.

वाटणीपत्र निजामपुऱ्यातल्या एका वकिलांकडे लिहिलं. त्यांनी बार्जचे नोंदणी नंबर विचारले. घरचे कागद सांभाळायचं काम माझं. मी दोन्ही दाखले पुढे ठेवले. दाखल्यांना कुणी रंग लावलेला नव्हता. आईच्या नावासमोर जुन्या बार्जचा नंबर होता, तोच पत्रात उतरला. मी एकही आकडा खोटा सांगितला नाही. वकिलांनी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. दादूस मोबाइलवर बोलत होता, बोलता बोलताच त्याने सही केली.

तोच नंबर बार्जच्या पोटात, मुख्य तुळईवर छिन्नीने कोरलेला असतो. दादूस पोटात कधी उतरलाच नव्हता.

पुढची चार वर्षं मी जुन्या बार्जला ठिगळं लावली, मोजून सतरा. दादूस बाजूने जाताना भोंगा वाजवायचा आणि ओरडायचा, "काय रं, तरंगते का अजून?" मी नुसता हात वर करायचो. मनातल्या मनात तो नंबर म्हणायचो.

मग त्याला समुद्रात जाणारं मोठं जहाज घ्यायचं होतं. कर्जासाठी त्याने आपली बार्ज तारण देऊ केली. जहाजांच्या तारणाचं काम पाहणाऱ्या एक वकीलबाई बँकेने मुंबईहून पाठवल्या. दरवर्षीचे तपासनीस घाटावर उभं राहून नाव वाचायचे आणि जायचे. या बाईंनी टॉर्च मागितला, चपला काढल्या आणि शिडीने खाली उतरल्या. वर आल्या तेव्हा हात ग्रीसने काळे झाले होते.

"हा नंबर या दाखल्यातला नाही," त्या म्हणाल्या.

दादूसने माझ्याकडे बघितलं. मी शेजारीच माझी जुनी बार्ज लावून उभा होतो. त्या दिवशी मी मुद्दाम फेरी केली नव्हती.

"मॅडम, तो या बार्जमध्ये बघा," मी म्हणालो. "तुळईवर, डाव्या हाताला. गंज पुसून ठेवलाय."

बाईंनी दोन्ही नंबर वाचले, वाटणीपत्र वाचलं आणि सरळ सांगितलं की नवी बार्ज कागदाने माझी आहे. मालक नसलेल्या माणसाकडून बँक तारण घेणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादूस आणि वहिनी माझ्या घरी आली.

"दुरुस्तीपत्र करू. एक सही कर," दादूस म्हणाला. "चुकून झालं."

"चुकून कसं? पंचांसमोर तू जे मागितलंस, तेच तर मिळालंय."

वहिनी म्हणाली, "भावोजी, रक्ताचं नातं हाय."

"हाय ना. म्हणून तर आईच्या नावात वाटा मागत न्हाय."

तो कोर्टात जायच्या गोष्टी करून गेला. पण कोर्टात जायचं तर नावं आपणच बदलली हे त्याच पंचांदेखत सांगावं लागलं असतं. तो गेला नाही. जहाजही आलं नाही. मी रंगारी बोलावून नावं जागेवर आणली. जुनी बार्ज ताब्यात देताना सतरा ठिगळांची यादी दिली, जागांसकट. कागद पुरा असावा.

आता खाडीतून जाताना तो भोंगा वाजवत नाही. मी वाजवतो, दोनदा.