आत्याचं सूत, आतोबांची शाल

अख्ख्या डोंबिवलीत थंडी फक्त एकाच माणसाला वाजायची, आणि तीसुद्धा दुसऱ्यांच्या वतीने. तो माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. ठाण्याच्या कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले हे उंच, गंभीर गृहस्थ बारा महिने लोकर विणत बसायचे. ज्या गावात पंख्याखालीही घाम टिपावा लागतो, तिथे त्यांनी नात्यातल्या तान्ह्या पोरांना स्वेटर चढवले, दूधवाल्याला कानटोपी दिली आणि सोसायटीच्या वॉचमनच्या गळ्यात बळेच मफलर घातला. तो बिचारा मफलर खुर्चीवर काढून ठेवायचा आणि जिन्यात आतोबांची चप्पल वाजली की घाईघाईने गुंडाळायचा. लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर कुणाच्या तेराव्यालाही त्यांच्या सुया चालू होत्या. "पुरुषमाणसाला हे काय भलतंच?" असं आत्याच्या मैत्रिणीने विचारलं, तेव्हा मान वर न करता ते म्हणाले, "कोर्टात जन्मभर लोकांचं उसवलेलंच बघितलं. घरी काहीतरी जोडलेलं दिसू दे."

नव्वद सालानंतर आत्याला विसर पडू लागला. आधी गॅस बंद करायची राहायची, मग माणसांची नावं गेली, आणि शेवटी आतोबाच गेले. म्हणजे ते समोर बसलेले असायचे, पण आत्या मला हळूच विचारायची, "हे गृहस्थ मघापासून बसलेत. चहा दिलात का त्यांना?" आतोबा खुर्चीतूनच म्हणायचे, "झाला हो चहा." त्यांनी सुया कपाटात ठेवून दिल्या. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मी विणायचो तेव्हा ही समोर बोलत असायची. आता टाके मोजताना घर फार गप्प वाटतं."

एका दुपारी मी गेलो तेव्हा आत्या देवासाठी वाती करत होती. एवढंच काम तिला जमत होतं. पण त्या दिवशी वात संपेचना. कापूस पिळत पिळत तिने हातभर लांब धागा ओढला आणि त्रासून म्हणाली, "माझी टकळी कुठाय?" मला काही कळलं नाही. आतोबा मात्र ताडकन उठले. तिच्या शाळेत सूतकताई होती, हे त्यांना कधीतरी ऐकल्याचं आठवलं. दुसऱ्याच दिवशी ते ठाण्याच्या खादीच्या दुकानातून टकळी आणि कापसाचे पेळू घेऊन आले.

नवऱ्याला विसरलेल्या आत्याच्या बोटांना टकळी मात्र नीट आठवत होती. धागा तुटला की ती आतोबांकडे बघून अदबीने म्हणायची, "गुरुजी, तुटला." आतोबांनी एकदाही तिला दुरुस्त केलं नाही. "असू दे, जोडू या," म्हणायचे आणि शेजारी जाऊन बसायचे.

सूत गाठाळ होतं, कुठे जाड, कुठे केसासारखं. कपडा होण्यासारखं नव्हतंच. तरी आतोबांनी सुया काढल्या. लोकर ताणली जाते, हे सूत ताणलं जाईना. दर गाठीपाशी सुई अडायची. विणलेलं त्यांनी कितीदा उसवलं. पण एकदा मी गेलो, तर चेहरा निराळाच होता. "इतकी वर्षं हात नुसते आपोआप चालायचे रे," ते म्हणाले. "आता एकेक टाका बघावा लागतो. नव्याने शिकतोय असं वाटतं." आणि कित्येक महिन्यांनी ते हसले. त्या घरात दोन माणसं पुन्हा समोरासमोर बसू लागली होती, एक कातायला, एक विणायला. बोलणं फारसं नव्हतं.

शाल झाली तेव्हा आत्या बरीच खंगली होती. आतोबांनी ती तिच्या खांद्यांवर घातली. तिने काठावरून बोट फिरवलं, एका गाठीपाशी थांबली आणि ठामपणे म्हणाली, "हे सूत माझं आहे."

"तुमचंच," आतोबा म्हणाले.

"विणलं कोणी?"

"मी."

तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. वाटलं, आता ओळखेल. आतोबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते पुढे झुकले होते.

"छान विणता हो तुम्ही," ती म्हणाली. "तुमच्या घरी कौतुक होत असेल."

"होतं," आतोबा म्हणाले, आणि शालीचं टोक तिच्या मांडीवर नीट करत राहिले.