मावशींची हरकत

कांबळे मावशी कुठलीही बातमी फळ्यावर लिहिण्याआधी स्वतः जाऊन बघून यायच्या. उद्या पाणी येणार नाही असं कानावर आलं, तर त्या टाकीपर्यंत चालत जायच्या, पाणी सोडणाऱ्या माणसाला गाठायच्या आणि किती वाजता बंद, किती वाजता सुरू हे त्याच्याकडून वदवून घ्यायच्या. मगच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मंडळाच्या फळ्यावर खडू टेकायचा. कुणी घाईनं काही सांगायला आलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "बघितलंस का ऐकलंस?" ऐकलं म्हटलं की, "मग ऱ्हाऊ दे. ऐकल्यालं मी लिवत न्हाई."

एकदा मंडळाच्या पोरांनी शेवटच्या घरातले शिंदे आजोबा गेल्याची बातमी आणली. मावशी थेट त्यांच्या दारात गेल्या. आजोबा ओसरीवर आरसा टेकवून दाढी करत होते. मावशींनी तब्येतीची चौकशी केली, चहा घेतला आणि परत येऊन लिहिलं, 'शिंदे आजोबांचे नेसरीचे मेहुणे वारले. आजोबा ठणठणीत आहेत.' पोरं खाली मान घालून उभी. मावशी म्हणाल्या, "मी जाऊन आलो म्हणून बरं. न्हाईतर हार घिऊन आला असता की सगळी!" आमच्याकडच्या बऱ्याच बायका बोलतात तसं त्याही 'मी गेलो, मी आलो' म्हणायच्या.

माझं झेरॉक्सचं दुकान त्या फळ्याला लागूनच आहे. त्यामुळे कोल्हापूरच्या जुन्या पेठेतल्या आमच्या त्या अरुंद गल्लीत मी मावशींना जितकं पाहिलं, तितकं दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीत काढली. नाव काय, वय किती, काय होतंय, हे विचारायचं आणि माणूस सांगेल तसं लिहायचं. नवरा लवकर गेला, मुलगी वैशाली लग्न होऊन जयसिंगपूरला. निवृत्त झाल्यावर गल्लीच्या मधोमध दोन खोल्यांच्या कौलारू घरात त्या एकट्याच राहायच्या. मंडळाचा फळा पोरांच्या चुकांनी भरलेला असायचा. एक दिवस त्यांनी ओल्या फडक्यानं तो पुसला आणि स्वतः लिहायला लागल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही.

आणि तरीही, इतक्या सरळ बाईचं वागणं मला एका बाबतीत अजून उलगडलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या रुंदीकरणाची नोटीस निघाली. सोबत नकाशा होता आणि त्यावर लाल रेघ. तीस दिवसांत लेखी हरकती व सूचना द्याव्यात, मग सुनावणी. नोटिशीची भाषा अशी, की माझ्या दुकानासमोर दहा माणसं दहा अर्थ काढत उभी. नकाशा कुणी आडवा धरे, कुणी उभा. मावशी तो कागद घेऊन कचेरीत गेल्या, दोन तास बसून समजून घेऊन आल्या आणि फळ्यावर लिहिलं, 'रस्ता दोन्ही बाजूंनी वाढणार. तालमीची ओसरी जाते. झेरॉक्सचे दुकान निम्मे जाते. कांबळे यांचे घर पूर्ण जाते. ज्यांना हरकत आहे त्यांनी लिहून द्यावे.' स्वतःचं घर जाणार हे त्यांनी, उद्या पाणी येणार नाही हे लिहावं, तशाच हातानं लिहिलं होतं.

गल्ली पेटली. तालमीचे पाटील वस्ताद पुढारी झाले. पण अर्ज लिहिणार कोण? मावशींनी दुकानाच्या बाकावर बैठक मारली आणि महिनाभर एकेकाची हरकत लिहून घेतली, अगदी केसपेपर लिहावा तशी. मी म्हणायचो, "मावशी, सगळ्यांचा एकच मजकूर करू. मी टाईप करून देतो, नुसत्या सह्या घेऊ." त्या मान हलवायच्या. "सगळ्यांस्नी एकच दुखणं हाय व्हय?" मावशींच्या शेजारच्या सुमनकाकींची हरकत होती, की गाड्या येऊ लागल्या तर दारात पापड वाळवायचे कुठं. मावशींनी पापड हा शब्दसुद्धा गाळला नाही. माझ्या अर्जात मी जुन्या पेठेचा वारसा, परंपरा वगैरे घातलं होतं. मावशींनी चष्म्यावरून बघितलं. "ह्यात दुकान कुठाय?" त्यांनी शेवटी एक ओळ वाढवायला लावली, 'माझे दुकान निम्मे जाते.'

शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःचा अर्ज आणला. चार घड्या घातलेला. मी झेरॉक्ससाठी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "ह्याला नगं." आणि गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. पूर्ण जाणारं घर त्यांचं एकच. तेव्हा त्यांची हरकत सगळ्यांत जोरदार असणार, असं मी धरून चाललो.

सुनावणीला आम्ही सगळे गेलो. अधिकारी शांत माणूस होते, प्रत्येकाचं ऐकून घेत होते. वस्ताद बोलले, सुमनकाकी पापडांवर बोलल्या, मी बोललो. मग मावशींचं नाव पुकारलं.

"कांबळे बाई, तुमचं घर पूर्ण जातंय. तुमची हरकत?"

"हरकत न्हाई."

अधिकाऱ्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी अर्ज उघडला. एकच ओळ होती, 'रस्ता करावा.'

"कारण काही लिहिलं नाहीत."

"लिवायलाच पायजे का?"

"तसं बंधन नाही."

"मग ऱ्हाऊ दे."

वस्ताद ताडकन उठले. "अवो मावशी, काय बोलतायसा? आमचं समद्यांचं अर्ज तुमीच लिवलासा की!"

"तुमची हरकत तुमी सांगितली, मी लिवली. ही माझी हाय," मावशी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

बाहेर पडल्यावर त्यांच्याबरोबर कुणी चाललं नाही. मीही नाही. त्या एकट्याच पुढे गेल्या, पिशवी काखेत धरून. मला राग आला होता का? आला असावा. पण रागावायचं कशावर, ते नीट सापडत नव्हतं. त्यांनी आमचा एक शब्द बदलला नव्हता, एक अर्ज गाळला नव्हता. उलट आमच्या हरकती इतक्या नेमक्या झाल्या होत्या त्या त्यांच्यामुळेच.

पुढचे कित्येक दिवस गल्लीत काहीबाही बोललं गेलं. कुणीतरी त्यांना फ्लॅट कबूल केलाय म्हणे. रोज सकाळी फळा कुणीतरी पुसून ठेवायचं, मावशी पुन्हा लिहायच्या. शेवटी मला राहवेना. बाकावर बसल्या होत्या तेव्हा विचारलं, "मावशी, रस्ता कशाला हवाय तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "गल्लीत सकाळचं ऊन येत न्हाई रं. रस्ता झाला तर येईल." मला ते पटलंही. पण दोनच दिवसांनी सुमनकाकी म्हणाल्या, की मावशींनी त्यांना वेगळंच सांगितलंय. आपणहून घर सोडून पोरीकडं गेलं तर लोक नावं ठेवतात, घरच गेलं तर कोण बोलणार? आणि वस्तादांना तर तोंडावर म्हणाल्या होत्या, "तुमच्या गणपतीची गाडी आत वळत न्हाई म्हणून दर साली बोंबलताय न्हवं? आता वळंल की!" न बघितलेली एक ओळ न लिहिणारी ही बाई, तिची स्वतःची तीन कारणं तीन तोंडी. कुठलं खरं, कुठलं आम्हाला वाटेला लावायला सांगितलेलं, याचा मला काही मेळ लागेना.

काही महिन्यांनी निर्णय आला. हरकती मान्य, आमच्या गल्लीतलं रुंदीकरण वगळलं. मावशी कचेरीत जाऊन कागद डोळ्यांनी बघून आल्या आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'रस्ता रद्द.' तालमीसमोर पेढे वाटले. वस्तादांनी थोडं अवघडूनच मावशींपुढे पुडा धरला. त्यांनी पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाल्या, "झकास हाय." त्यांच्याच हातच्या अर्जांनी त्यांचा अर्ज पाडला होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. खूश होत्या की नव्हत्या, सांगता येईना.

त्यानंतर वर्षभरानं, एका सकाळी, मावशी मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड गेलं. सुमनकाकींनी आरडाओरडा केला. रुग्णवाहिका आली, पण ती माझ्या दुकानासमोर थांबली. आत शिरायला जागा नव्हती आणि मधल्या वळणावर स्ट्रेचर फिरेना. शेवटी मावशींना खुर्चीत बसवलं, चादरीनं बांधलं आणि चौघांनी उचललं. पुढे वस्ताद, मागे मी. प्रत्येक धक्क्याला त्या ओठ चावत होत्या. वस्तादांसारखा गडी, पण त्यांचे डोळे भरून आले.

"मावशी, चुकलं आमचं."

"काय चुकलं?" मावशी कण्हत म्हणाल्या. "तुमची हरकत खरी हुती. पायाकडं बघा, दगड हाय."

मला वाटलं, कोडं सुटलं. मी मागून म्हणालो, "मावशी, म्हणूनच रस्ता मागितला होता ना तुम्ही? हे तुमच्या डोक्यात होतं."

"मला काय सपान पडलंतं का, मी पडणार म्हणून? गप चल."

म्हणजे तेही नाही.

दवाखान्यातून त्या परत गल्लीत आल्या नाहीत. वैशाली त्यांना जयसिंगपूरला घेऊन गेली. मी एकदाच भेटायला गेलो, एसटीनं. वैशालीचं घर मोठ्या रस्त्यावर आहे. मावशी काठी घेऊन हिंडत होत्या. गल्लीतल्या प्रत्येकाची चौकशी केली, शिंदे आजोबांपासून. पोह्यांची बशी हातात असतानाच मी पुन्हा तो विषय काढला. म्हटलं, "आता तरी सांगा. तुम्ही मला एक सांगितलं, काकींना एक, वस्तादांना एक. खरं कुठलं?"

त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"तुला खरं सांगू? मलाबी धड ठावं न्हाई. तुमच्या हरकती लिवताना समद्या पटत हुत्या मला. पापडाची पटली, तुझ्या दुकानाची पटली. मग माझा कागद घेतला म्होरं, आन् हातानं 'रस्ता करावा' लिवलं. खोडावं वाटलं न्हाई. मागनं जो त्यो कारण इचारायला लागला, तवा ज्याला जे पटंल ते सांगितलं. त्यातलं खोटं एकबी न्हवतं."

"पण मग घर?"

"घर माझंच हुतं की. दुसऱ्याचं न्हवतं दिलं मी."

मी निघालो, तर त्या नको म्हटलं तरी काठी टेकत फाटकापर्यंत आल्या. समोरून उसाचे ट्रॅक्टर, ट्रक, मोटारसायकली, सारखी वर्दळ. त्या म्हणाल्या, "बघ, केवढा रस्ता हाय. ऊन येतंय, वारा येतोय. पलीकडच्या घरात कोण ऱ्हातंय, सहा महिनं झालं, मला ठावं न्हाई." तक्रार होती का ती? तक्रारीचा सूर नव्हता. पण समाधानाचाही म्हणता येणार नाही.

मी रस्ता ओलांडून स्टॉपवर पोचलो आणि मागे वळून बघितलं. मावशी फाटकात उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला आणि काहीतरी ओरडून सांगितलं. मधून ट्रॅक्टर गेला, त्याच्या आवाजात शब्द बुडाले. तो पुढे गेला तेव्हा त्यांचा हात तसाच हलत होता. जा म्हणत होत्या की जरा थांब, मला कळेना. मी दोन पावलं परत रस्त्यात टाकली, तेवढ्यात आणखी एक ट्रक आला आणि मी मागे सरलो. कोल्हापूरची एसटी येऊन उभी राहिली. मी चढलो, खिडकीतून वाकून बघितलं, तर गर्दीपलीकडे त्यांचा हात अजून वरच होता.

पुढच्या महिन्यात वैशालीचा फोन आला. मावशी गेल्या होत्या. बोलता बोलता मी तिला विचारलं, त्या दिवशी फाटकातून त्या मला काय सांगत होत्या. ती म्हणाली, ती आत पोह्यांच्या बशा धूत होती, तिनं काही ऐकलं नाही.