खिडकीची फट

खावर खानुमचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. मी तिच्याच अंगणातल्या पलीकडच्या खोलीत भाड्यानं राहायचे, म्हणजे ही ऐकीव गोष्ट नाही. दूधवाला आला की ती भांड्यात बोट बुडवून चाखणार. रोटी घेतली की उलटून बघणार. मी मीठ मागायला गेले, तर नेमकी जेवणाच्याच वेळेला कशी उगवले, असा चेहरा करणार. मी म्हणायचे, "अगं बाई, मीठच मागतेय, तुझं घर नाही मागत!" ती हसायची नाही. मीठ द्यायची आणि वाटी कधी परत आणणार ते विचारायची.

पण हिवाळा काढावा तर तिनंच. अलवंदच्या डोंगरावर पहिलं बर्फ दिसलं की हमदान शहरातल्या बाकी बायकांची पळापळ सुरू व्हायची. हिचं सगळं उन्हाळ्यातच उरकलेलं असायचं. कोळसेवाल्याच्या दुकानात तळाला उरलेली भुकटी कुणी विचारत नाही. ही पोतं भरून आणायची, मुठीमुठीनं माती घालून पाण्यात कालवायची, गोळे वळायची आणि गच्चीवर वाळत घालायची. कोठीत द्राक्षांचे घड दोऱ्यांनी टांगलेले, चरबीत परतलेलं मटण बरण्यांत दाबून भरलेलं, लसणीचं लोणचं, भुशात पुरून ठेवलेले सलगम. किल्ली कमरेला, झोपेतसुद्धा.

आणि तिची कोरसी! बैठकीच्या खोलीत मधोमध एक ठेंगणं मेज, खाली राखेनं झाकलेली शेगडी आणि वरून चारी बाजूंना जमिनीवर लोळणारी जाडजूड गोधडी. पाय आत घालायचे, पाठीला तक्क्या घ्यायचा, की बाहेर काय वाट्टेल ते पडो. सकाळी ती हाडं आणि हरभरे घातलेलं मडकं त्याच शेगडीच्या राखेत रोवायची. दुपारी झाकण काढलं की वासानं गल्ली गोळा व्हावी. शेजारी दोन सलगम भाजत ठेवलेले. वेगळं सरपण नाही, वेगळी चूल नाही. मी विणकामाचं निमित्त करून रोज तिथं जाऊन बसायचे. तिला ते कळायचं, आणि माझ्या वाटच्या हाडावर मांस कमीच असायचं.

त्या वर्षी शरदात मुलाचं लग्न झालं. मुलगा यदुल्ला ट्रक चालवायचा, आठवड्यातून एकदा घरी. सून महलका लहान चणीची, कमी बोलणारी. शेगडी पेटवायचं काम सुनेकडं आलं, आणि महिना झाला नाही तोच खावर खानुम माझ्या दारात उभी.

"तूबा, माझ्या घरात चोर शिरलाय."

"कोण गं?"

"घरात माणसं आहेत किती?"

कोळशाचे गोळे संपत होते म्हणे. एरवी वसंतापर्यंत पुरणारा ढीग निम्म्यावर आलेला. शिवाय बैठकीची खिडकी. खानुम ती बंद करायची, आणि थोड्या वेळानं बघावं तर पुन्हा बोटभर फट. खिडकी उघडते मागच्या गल्लीत. त्या गल्लीतून महलकाचा भाऊ, हमाली करणारा, बाजारात ये-जा करतो. खानुमनं दोनात दोन मिळवून चार केले होते.

"वेड लागलंय तुला," मी म्हटलं. "त्या फटीतून मांजराचं पिल्लू जायचं नाही."

"गोळा जातो."

"तुला काय माहीत?"

"घालून बघितला मी!"

पण खरं सांगू, शंका मलाही चाटून गेली. गोळे जात होते हे तर खरंच होतं ना! मी महलकाला विहिरीपाशी गाठलं. "पोरी, काही असेल तर मला सांग. मी सावरून घेईन."

तिनं मान खाली घातली. "नव्या सुनेनं काही गोष्टी घरात तोंडावर आणू नयेत, तूबाखाला. पण मी चोर नाही."

हे काय उत्तर झालं? मला तर संशयच वाढल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी खानुमनं कोरसीपाशी बसूनच फर्मान काढलं. "आज यदुल्ला येतोय. तुझी पेटी बांध. तो तुला माहेरी सोडून येईल. चोर माझ्या घरात नको." महलकाच्या तोंडचं पाणी पळालं. चोर म्हणून परत पाठवलेली मुलगी! तिच्या आईला उद्या रोटीच्या दुकानासमोर रांगेत कुणी उभं केलं नसतं, आणि धाकट्या बहिणींना कुणी मागणी घातली नसती. तरीही पेटी बांधून तिनं अंगणाच्या दाराशी आणून ठेवली.

त्या दिवशी शेगडी खानुमनं स्वतः पेटवली. अंगणात बर्फ भुरभुरत होतं. महलकाची रीत अशी, की शेगडी अंगणातच ठेवायची, पंख्यानं वारा घालत राहायचं, सगळे गोळे आतपर्यंत फुलले की मगच आत न्यायची. खानुमला ते बघवायचं नाही. "अर्धी ऊब चिमण्यांना वाटते ही!" वरचा थर लाल झाला न झाला तोच तिनं राख पसरली आणि शेगडी उचलली. महलका दारात आडवी आली.

"खानुमजान, खालचे अजून काळे आहेत. थोडं थांबा ना. तुमच्या पाया पडते."

"बाजूला हो! तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी कोरसी पेटवतेय. जा, गच्चीवर जा, बर्फ लोट. जायच्या आधी तेवढं तरी काम कर."

मग खानुमनं खिडकी ओढून घेतली, फटीत चिंधी कोंबली, दाराला आतून कडी लावली. "आता बघू कशी खिडकी उघडते ते," असं म्हणून विणकाम घेऊन बसलेल्या माझ्याशेजारी बसली आणि गोधडी हनुवटीपर्यंत ओढली.

ऊब काय सुंदर आली म्हणून सांगू! मडकं रटरटत होतं. वर गच्चीवर फावडं खरखरत होतं, आणि दर थोड्या वेळानं खानुम छताकडं तोंड करून ओरडत होती, "हळू गं! छप्पर तुझ्या बापाचं नाही!" मग माझं कपाळ दुखू लागलं. मला वाटलं, विणकामानं असेल. विणलेले टाके दुहेरी दिसायला लागले. उठून पाणी प्यावं म्हटलं, तर पाय कोणा दुसऱ्याचे असावेत तसे, हलेचनात. खानुमकडं बघितलं. ती तोंड उघडं टाकून झोपलेली, गाल लालबुंद. मला ओरडायचं होतं. ओरडले की नाही, आठवत नाही.

नंतर आठवतं ते गार बर्फ पाठीला टोचणारं. मी अंगणात पडले होते आणि मला उलटी होत होती. बाजूला खानुम, आणि तिच्या छातीवर वाकून महलका बर्फानं तिचं तोंड चोळत होती, रडत होती, शिव्यासुद्धा देत होती. "ऊठ! ऊठ म्हातारे! माझ्यावर ओरड ना!"

खानुमचे डोळे उघडले. तिनं उघड्या दारातून बैठकीच्या फुटलेल्या खिडकीकडं बघितलं.

"काच कोणी फोडली?"

"मी. फावड्यानं."

"दार काय मेलं होतं?"

"कडी तुम्ही लावली होती. खिडकीतून शिरून मी काढली."

खानुमनं मान वळवून दाराकडं बघितलं.

"तुला कळलं कसं गं?" मी विचारलं. माझे दात वाजत होते.

"मी फावडं मुद्दाम जोरात आपटलं," महलका हुंदके देत म्हणाली. "दोनदा आपटलं. खाली कुणी ओरडलंच नाही. तेव्हाच मला संशय आला."

मग तिनं सांगितलं. तिच्या पाठची बहीण अशीच, कोंडलेल्या कोळशाच्या विषारी वाफेनं गेली होती, कोरसीच्या गोधडीत डोकं घालून झोपलेली. घाईत आणलेली काळी शेगडी, बंद खिडकी. सकाळी हाक मारली तर उठलीच नाही. नव्या नवरीनं सासरच्या घरात मरणाचं नाव काढायचं नाही, अशी आईनं शपथ घातली होती. म्हणून पोरगी मुकाट्यानं गोळे आतपर्यंत फुलू द्यायची. तोवर वरचे निम्मे जळून जायचे, मग वर आणखी घालायचे. आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची.

मला रडू फुटलं. तिच्यावर संशय घेतला म्हणून नाही, तर जीव वाचला म्हणून, खोटं कशाला बोलू. खानुम मात्र कोरड्या डोळ्यांनी बर्फात बसून होती, कमरेची किल्ली चाचपत.

तेवढ्यात अंगणाचं दार वाजलं. यदुल्ला आला. त्यानं उघड्या दारातून आतली फुटलेली काच बघितली, ओल्या कपड्यांतल्या आम्हा तिघींना बघितलं, आणि मग दाराशी ठेवलेली पेटी.

"आई, ही कुणाची पेटी? कुठं चाललंय कोण?"

महलका जागच्या जागी थिजली. मी खानुमच्या तोंडाकडं बघत राहिले.

"तुझ्या बायकोची," खानुम म्हणाली. "आत नेऊन ठेव, भिजतेय. आणि कोळसा आण. ही बाई फार जाळते." मग म्हणाली, "भुकटी नको. चांगला आण, पुरेसा. काचवाल्यालाही बोलव. बोटभर फट सोडून काच बसव म्हणावं. मेला पैसे मात्र पूर्ण काचेचेच लावेल, त्याच्यावर नजर ठेव."

एवढा वेळ उभी असलेली महलका मटकन पेटीवर बसली आणि तोंडाला ओढणी लावून रडायला लागली.

"आता रडतेस काय?" खानुम खेकसली. "शेगडी अंगणात काढ, पुन्हा पेटव. मला थंडी वाजतेय. आणि फुलली की हाक मार. तू सांगितल्याशिवाय मी पाय आत घालायची नाही."