पालक दोन आणि त्यांचा भोंगा

रविवार, दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा. वेळ सकाळची. हजर: मी, माझी मुलगी समीक्षा (आतल्या खोलीत, दार लावून), माझी आई, आणि अंगण झाडायच्या निमित्ताने शेजारच्या काकू. गैरहजर: समीक्षाचे बाबा. त्यांचा आवाज: अजून नाही.

यातली शेवटची नोंद वाचून अनसिंगमधला कोणीही दचकेल. कारण समीक्षाच्या बाबांचा आवाज ज्याने ऐकला नाही असा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि यात मी म्हशी, बैल आणि कोंबड्याही धरते आहे. ते मूळचे रिठदचे. त्यांची तीनचाकी गाडी आहे, गाडीवर हत्तीच्या कानांसारखे दोन भोंगे आहेत, आणि भोंग्यांच्या खाली ते स्वतः. रिसोडच्या कापड दुकानाचा सेल असो, डोळे तपासणीचं शिबिर असो किंवा कोणाची शेळी हरवलेली असो, बातमी त्यांच्या तोंडून निघाल्याशिवाय खरी झाली असं आमच्याकडे कोणी मानत नाही. माइक हातात असला की ते अगदी छापील मराठी बोलतात, माइक खाली ठेवला की वऱ्हाडी. मी त्यांची बायको होते तेव्हा घरात माइक नसायचा, पण सवय असायची. भाजीत मीठ कमी पडलं तर पहिला घास गिळून ते म्हणत, "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की मिठाचा तुटवडा निर्माण झालेला आहे." सर्व संबंधित म्हणजे मी एकटीच. समीक्षा जन्मली त्या दिवशी त्यांच्याकडे गुरांच्या लसीकरणाचं काम होतं. त्यांना काम थांबवता येईना आणि आनंदही थांबवता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही एकाच दमात जाहीर केलं, "आम्हांस कन्यारत्न झाले आहे, तरी सर्वांनी आपापली जनावरे घेऊन वेळेवर उपस्थित राहावे." दोन शेतकरी खरोखरच बैल घेऊन आमच्या दारात आले. त्यांनाही पेढे दिले, बैलांनाही.

असा माणूस आवडतो. त्याच्याबरोबर राहणं मात्र वेगळं. त्यांना हळू आवाजात भांडता येईना आणि मला मोठ्या आवाजातलं ऐकवेना, म्हणून आम्ही दोघांनी मिळून कोर्टात सही केली. मी समीक्षाला घेऊन अनसिंगला आईकडे आले, इथल्या एका शाळेच्या कार्यालयात लागले, आणि ठरलं असं की रविवार आणि अर्ध्या सुट्ट्या समीक्षा बाबांकडे असेल.

आता ठरलेली गोष्ट मांडून ठेवायला नको का? मला सगळं मांडून ठेवायची सवय आहे. आमच्या कार्यालयातल्या एका मॅडमच्या भाचीने मला मोबाइलमधलं ते ॲप दाखवलं. वेगळे झालेल्या आईबापांनी मुलांचं सगळं एकत्र बघावं म्हणून ते बनवलेलं आहे. त्यात कॅलेंडर आहे. आईचे दिवस हिरवे, वडिलांचे केशरी. औषधं कोणती, चपलेचा नंबर किती, परीक्षा कधी, सगळ्याला वेगळे कप्पे आहेत. एकमेकांना निरोप पाठवायची सोय आहे आणि समोरच्याने तो पाहिला की तिथे बारीकशी खूण उमटते. ते बघताना मला इतका आनंद झाला की मी दुपारच्या सुट्टीत डबासुद्धा उघडला नाही. शाळेत कप्प्याकप्प्यांचं नवीन लोखंडी कपाट आलं होतं, त्यानंतर इतकं छान मला काही वाटलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी माहिती भरून टाकली, समीक्षालाही जोडून घेतलं, आणि तिच्या बाबांना आमंत्रण पाठवलं.

उत्तर रविवारी सकाळी नऊ वाजता भोंग्यावरून आलं. त्यांची गाडी दर रविवारी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, पानटपरीपाशी थांबते आणि तिथून समीक्षाला हाक पडते. गाडी दारापर्यंत कधी येत नाही. गल्ली अरुंद आहे म्हणून येत नसेल, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी हाकेच्या जागी ऐकू आलं, "समीक्षाच्या मातोश्रींना कळविण्यात येते की आपल्या ॲपमध्ये आमची नोंद पालक दोन अशी करण्यात आलेली आहे. सदर नोंद आम्हांस मान्य नाही." मी तडक कोपऱ्यावर गेले. त्यांनी माइक खाली ठेवला.

"माह्या लेकीचा मी दोन नंबर? मंग एक नंबर कोन?"

"ज्यानं आधी नाव टाकलं तो. म्या टाकलं."

"म्हंजे इथंबी रांगच हाये का बाप्पा?"

"तुमी जॉइन तं व्हा, मंग पाहू."

"मले काही सांगाचं असन तं मी सांगतो. हा भोंगा कायले हाये?"

टपरीवाला पान लावायचं सोडून ऐकत होता. तो म्हणाला, "वहिनी, भाऊचं खरं हाये. त्याईचा निरोप आजपर्यंत कोनाले भेटला नाई असं झालं नाई."

तर ॲप मी एकटीच चालवू लागले. दोघांसाठी बनवलेली वस्तू एकट्याने चालवताना जरा जास्त शिस्त लागते, एवढंच. त्यांनी घोषणा केली की मी ती केशरी रकान्यात उतरवून घ्यायची आणि पुढे लिहायचं, "प्राप्तीचा मार्ग: भोंगा." मी पाठवलेल्या निरोपांपुढे ती बारीक खूण कधीच उमटली नाही, पण समीक्षाला आपला दिवस कुठला ते कळत होतं. गंमत म्हणजे पालक दोन यांची एकही तारीख चुकत नव्हती. एकदा पावसाने रस्ता असा झाला की त्यांची तीनचाकी पुढे जाईना, तर त्यांनी वाशीमपर्यंत येऊन तिथून अनसिंगच्या जीपवाल्याच्या तोंडी घोषणा पाठवली. तो बिचारा शब्द न् शब्द पाठ करून आला होता, "कळविण्यात येते की" सकट.

घोटाळा केला तो पेनड्राइव्हने. दिवाळीच्या आधी रिसोडच्या एका दुकानाच्या कपड्यांच्या सेलची जाहिरात त्यांनी रेकॉर्ड केली. रेकॉर्ड करतानाच त्यांना आठवलं की थंडी पडली आहे आणि समीक्षाला सर्दी लवकर होते, म्हणून विसरायला नको अशा हिशेबाने मला द्यायचा निरोपही त्यांनी तिथेच बोलून ठेवला. मग जाहिरात चालू करून ते गेले चहाला, आणि निरोप पुसायचा राहूनच गेला. सेल संपेपर्यंत रिसोडचा बाजार आणि आजूबाजूची गावं ऐकत होती, "साड्या, शर्ट, पँटपीस, फक्त तीन दिवस, फक्त तीन दिवस. समीक्षाला स्वेटर घालून तयार ठेवावे. सर्दी झाल्यास आम्ही जबाबदार नाही. फक्त तीन दिवस."

लोकांनी फार मनावर घेतलं. आमच्या बाजारात येणारी भाजीवाली मला म्हणाली, "काय व ताई, पोट्टीले स्वेटर घेतलं का नाई?" रिठदच्या एका म्हातारीने तर जीपवाल्याच्या हाती जांभळं स्वेटर विणून पाठवलं, मापही बरोबर. मला हसू आवरत नव्हतं. मग समीक्षा शाळेतून आली. तेरा वर्षांची आहे ती. दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "वर्गातल्या पोरी मले समीक्षा म्हनतच नाई आता. फक्त तीन दिवस म्हनते." मग म्हणाली, "मी नाई जात आता बाबाकडे. रविवारीबी नाई आन् सुट्टीतबी नाई."

मला वाटलं दोन दिवसांनी निवळेल. निवळलं नाही. दिवाळीच्या सुट्टीतला तिच्या बाबांचा अर्धा भाग तसाच गेला. टपरीपाशी गाडी येई, हाक पडे, समीक्षा खिडकी लावून घेई, गाडी निघून जाई. ॲपमध्ये केशरी चौकोन एकामागून एक रिकामे दिसू लागले. एखादीला बरं वाटलं असतं. मला ते चौकोन बघवेनात. मी पालक दोन यांना निरोप लिहिला, खूण उमटली नाही. फोन केला, तर पलीकडून म्हणाले, "मले ऐकू नाई येऊन राह्यलं, भोंगा चालू हाये." शेवटी रजा टाकली, वाशीमला बस बदलून रिसोडला गेले, आणि भर बाजारात त्यांच्या गाडीसमोर जाऊन उभी राहिले.

"बंद करा तो भोंगा."

"सदर गाडीसमोरून..." एवढं ते माइकवर बोलले, मग मला ओळखून त्यांनी बटण दाबलं. मी सगळं सांगितलं. वर्गातलं, खिडकीचं. ते माइकची वायर हातावर गुंडाळत राहिले.

"मले वाटलं, अभ्यास करून राह्यली असन."

"तिचं नाव भोंग्यावर घ्याचं नाई आता."

"मंग निरोप कसा देऊ?"

"दारापाशी या. कडी वाजवा. जसे सारे लोक वाजवते."

त्यांनी वायर उलगडली आणि पुन्हा गुंडाळली. मग अगदी हळू, मला पुढे वाकून ऐकावं लागलं इतकं हळू म्हणाले, "त्या दारात मी नवरदेव म्हून आलो होतो. आता कोन म्हून कडी वाजवू?"

मागे बस हॉर्न देत होती. मी म्हणाले, "समीचे बाबा म्हून," आणि बस पकडली.

तर तो हा रविवार. नऊ वाजले, टपरीकडून आवाज नाही. आईने दोनदा चहा गरम केला. समीक्षाच्या खोलीचं दार लावलेलं होतं, पण खिडकी उघडल्याचा आवाज मी ऐकला. मग गाडीचं इंजिन ऐकू आलं. नुसतं इंजिन. भोंगे असलेली ती गाडी मुकाट्याने गल्लीत शिरली तशी माणसं घराबाहेर आली. काकूंनी केरसुणी टाकून पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, "कोन गेलं बाप्पा?" समोरच्या आजोबांनी टोपी काढली. गल्ली अजिबात अरुंद नव्हती, गाडी आरामात आत आली आणि आमच्या दाराशी थांबली.

ते उतरले. इस्त्रीचा शर्ट होता. कडी त्यांनी इतकी हळू वाजवली की ओट्याशी उभ्या असलेल्या मला ती ऐकूही आली नाही. समीक्षाला आली. आतून तिने विचारलं, "कोन हाये?"

बाहेर आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग एक लहानसा, बसका आवाज आला, "मी हावो. समीचा बाबा."

इतकी वर्षं मी त्या माणसाचा आवाज ऐकते आहे. भोंगा काढला की तो एवढाच असतो, हे मला माहीत नव्हतं.

समीक्षाने दार उघडलं तेव्हा तिच्या अंगात जांभळं स्वेटर होतं. ते तिने कधी घातलं कोण जाणे. त्यांनी ते पाहिलं, तोंड उघडलं, आणि काही जाहीर न करता मिटलं. माझी आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बसा ना जाव..." मग नुसतंच, "बसा." ते उंबऱ्यावरच बसले आणि चहा प्याले. समीक्षा म्हणाली, "बाबा, समोरच्या आजोबाले टोपी घालाले सांगा. कोनी मेलं नाई." ते हसले, तेही हळूच.

गाडी गेली, तशीच मुकाट्याने. टपरीच्या पुढे, मोठ्या रस्त्याला लागल्यावर भोंगा एकदा खरखरला आणि ऐकू आलं, "हॅलो... हॅलो... माइक टेस्टिंग. एक, दोन, तीन." आवाज मुलीचा होता, आणि चांगला खणखणीत होता.

मी ॲप उघडून केशरी चौकोन भरला. प्राप्तीचा मार्ग: कडी. मग जरा शोधाशोध केली तर कळलं की पालक दोन हे नाव बदलता येतं, काहीही लिहिता येतं. मी "समीचे बाबा" असं लिहिलं. आता जुनं आमंत्रण रद्द करून या नावाने नवीन पाठवायचं, बोट टेकवायचं की झालं. या वेळी ते बहुतेक स्वीकारतीलही. आणि स्वीकारलं की निरोप द्यायला त्यांना दारापर्यंत यायचं काही कारण उरणार नाही.

सोमवारच्या कामांत सगळ्यांत वर लिहिलं होतं: आमंत्रण पाठवणे. बाकीची सगळी झाली. ते अजून व्हायचं आहे.